बैलाला मन असतं

आमच्या गावात मनाचा आजार नसतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. शुगर असते, बीपी असतं, मणक्यात गॅप असतो, आणि गुडघ्यांची एक जोडी तर घरटी गेलेलीच असते. पण मनाचा आजार नसतो. जमिनीला भाव आल्यापासून तर अजिबातच नसतो.

गाव चाकणच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं. पूर्वी थंडीत पहाटे नदीवरून धुकं यायचं आणि कांद्याच्या वाफ्यांवर उन्हं येईस्तोवर बसून राहायचं. आताही धुकं येतं, पण त्याला बसायला जागा नाही. ते उभ्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत हायवेकडं निघून जातं. जिथं ज्वारी डुलायची तिथं कंपन्यांची निळी छपरं आहेत, आणि त्यांच्या कंपाउंडला खेटून आमची घरं, आमचे गोठे, आमची देवळं. गावाचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे बंगले आले, बंगल्यांना गेट आलं, गेटवर दगडी सिंह आले. सिंहांनाही आजवर कधी उदास वाटलेलं नाही.

चिमाजी ह्याच गावचा. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, बोलायला कमी. वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली. उरली तेवढ्यावर दोन मजली घर आणि बीड-लातूरकडच्या भाडेकरूंसाठी ओळीनं खोल्या. तो स्वतः गाड्यांचे पत्र्याचे भाग काढणाऱ्या एका कंपनीत, प्रेस शॉपला, पर्मनंट. पर्मनंट हा शब्द आमच्याकडं सौभाग्यवतीसारखा नावाच्या आधी लावतात. बायको वर्षाली अंगणवाडीत. माणसाला आणखी काय पाहिजे, असं गाव म्हणायचं, आणि गाव म्हणतं तेव्हा माणसानं आणखी काही मागायचं नसतं.

त्याचे मित्र तीन. पहिला दौलतराव. शाळेत तो दौल्या होता. पहिला प्लॉट विकला तेव्हा दौलत झाला, आणि चऱ्होलीपर्यंत धंदा पसरला तसा राव आपोआप येऊन चिकटला. दुसरा पिंटू, ज्याचे पाण्याचे टँकर सोसायट्यांना पाणी पुरवतात. तिसरा सिद्धेश, दुसऱ्या एका कंपनीत एचआरला, फोनच्या स्टेटसवर रोज उगवत्या सूर्याखाली एक नवा सुविचार टाकणारा. चौघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, बैलगाडा. आमच्या भागात यात्रेला घाट भरतो. घाट म्हणजे चढाची मातीची धावपट्टी. खाली गाड्याला चार बैल जुंपायचे, सोडायचे, आणि वरचं निशाण कुणी किती सेकंदांत गाठलं ते बघायचं. गाडा दौलतरावच्या नावाचा, बैल दौलतरावचे, फ्लेक्सवर फोटोही दौलतरावचा. पण त्या चारांतला जो हुकमी बैल, सुभेदार, तो वासरू असल्यापासून चिमाजीच्या हाताखाली वाढला होता. दुसऱ्या कुणी जुंपायला घेतला तर मान फिरवायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी चिमाजी फर्स्ट शिफ्टला निघाला. कंपनीच्या गेटपाशी त्यानं गाडी लावली, हेल्मेट हँडलला अडकवलं, आणि तिथून त्याला हलता येईना. माणसं कार्ड दाखवून आत जात होती. त्याचं काळीज मात्र घाटावर सुटलेल्या गाड्यासारखं धावायला लागलं, हातांना मुंग्या आल्या, श्वास गळ्यातच अडला. त्याआधी कित्येक महिने त्याला झोप नव्हती. भाकरी मातीसारखी लागत होती. बाथरूममध्ये नळ मोठा सोडून तो रडायचा आणि बाहेर येऊन साबण डोळ्यात गेला म्हणायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला काही कारणच नव्हतं, आणि तेच त्याला जास्त खात होतं.

कंपनीच्या ॲम्ब्युलन्सनं नेलं. ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. तिथल्या डॉक्टरांनी पिंपरीच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दिली, विजयश्री मॅडमची. वर्षाली बरोबर गेली. मॅडमनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा आजार आहे. लाजायचं काही कारण नाही. औषध आहे, वेळ लागेल. एक मात्र करायचं नाही, गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत."

दिवाळी उलटली, गारठा आला, आणि हळूहळू चिमाजीला भाकरीची चव कळायला लागली. एका रात्री तो सलग झोपला. सकाळी उठल्यावर वर्षालीला म्हणाला, "आज कांदा भाजल्याचा वास लई भारी येतोय." ती चुलीकडं तोंड करून उभी राहिली, बराच वेळ वळलीच नाही.

इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण चिमाजीला वाटलं, आपल्या जिवाभावाच्या मित्रांपासून काय लपवायचं? एका रविवारी गोठ्यावर बसून त्यानं तिघांना सगळं सांगितलं.

ईसीजीचं ऐकून दौलतराव खूश झाला. "मंजे नॉर्मल हाय ना? मग झालं की!"

"तो हृदयाचा रिपोर्ट हाय. माझा आजार मनाचा हाय."

"चिमा, तुला काय कमी हाय रे? पर्मनंट हायेस. खोल्यांचं भाडं येतंय. वहिनी गुणाची हाय. डिप्रेशन यायला काय कारण लागतंय का न्हाई?"

"कारण न्हाई, हेच तर सांगतोय मी."

"कारण न्हाई मंजे आजार न्हाई. विषय संपला."

सिद्धेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावा, सगळा माइंडसेटचा खेळ आहे. पाचला उठ, गार पाण्यानं आंघोळ कर, आणि आरशात बघून म्हण, मी वाघ आहे."

"फर्स्ट शिफ्टला मी साडेचारलाच उठतो."

"मग चारला उठ."

पिंटूनं तंबाखू मळता मळता निकाल दिला. "आरं राव, त्या गोळ्या पिठाच्या असत्यात. मेडिकलवाला सांगत व्हता. तुमाला वाटतं बरं वाटतंय, म्हणून बरं वाटतंय. त्यापरीस आपण एक दिवस बसू. दोन घोट घेतलं की मन कुठल्या कुठं."

"आमच्या आबाजींनी दुष्काळात खडी फोडली," दौलतराव म्हणाला. "त्यांना आलं का कधी डिप्रेशन?"

नाही आलं. आबाजींना गावानं पाहिलंय. शेवटची काही वर्षं ते गोठ्याच्या कडेला भिंतीकडं तोंड करून बसायचे. शालनबाई, दौलतरावची आजी, त्यांना घास भरवायची. घास तोंडात ठेवून ते गिळायचं विसरायचे. त्याच सुमाराला घरची विहीर लोखंडी जाळीनं झाकून घेतली, ती मुलांच्या काळजीनं असं सांगितलं गेलं. घरात तेव्हा लहान मूल नव्हतं. पण डिप्रेशन म्हणाल तर छे. आबाजी फक्त शांत स्वभावाचे होते.

त्या दिवसापासून चिमाजीला चिडवायला तिघांना नवा विषय मिळाला. चहा सांडला की पिंटू म्हणायचा, "जाऊ द्या, पेशंट हाय." हसला तर, "बघा, गोळी लागू पडली." गप्प बसला तर, "आज गोळी न्हाई घेतली वाटतं." आजार खोटा होता, पण चिडवायला पुरेसा खरा होता. चिमाजीनं सुरुवातीला समजावून पाहिलं. मॅडमनी दिलेलं माहितीपत्रक नेऊन दाखवलं. दौलतरावनं त्यावर भजी ठेवली. मग त्यानं समजावणं सोडलं आणि "बरं हाय" हे दोन शब्द शिकून घेतले. काय म्हणतोस, तर बरं हाय. झोप येते का, तर बरं हाय. ह्या दोन शब्दांच्या आडोशाला माणूस पुष्कळ दिवस राहू शकतो.

फाल्गुनात एका घाटावर सुभेदार धावत असताना शूटिंगवाल्याचा ड्रोन भुंग्यासारखा घोंघावत त्याच्या शिंगांपाशी खाली आला. सुभेदार बुजला. अर्ध्या चढातून त्यानं असा वळसा घेतला की गाडा कलंडला. कुणाला लागलं नाही, पण बैल त्या दिवसापासून बदलला. गव्हाणीत भरड तशीच राहायला लागली. हॉर्न वाजला तरी अंग थरथरायचं. दिवसभर गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभा.

तेव्हा आमच्या गावानं माणुसकी काय असते ते पाहिलं.

दौलतरावनं गोठ्याच्या वाटेवर पाटी लावली, हॉर्न वाजवू नये. स्वतःच्या गाडीतून उतरून तो गोठ्यापर्यंत चपला हातात घेऊन चालायचा. पिंटूनं टँकरचा रस्ता बदलला. फोन सायलेंट. सिद्धेशनं मोबाइलवर बासरी लावून ठेवली आणि बारीक आवाजात सांगितलं, "हा ट्रॉमा आहे. ह्यातून बाहेर यायला प्रत्येकाचा वेळ वेगळा असतो. आपण प्रेशर नाही टाकायचं." देहूहून हार आणून सुभेदाराच्या गळ्यात घातला. दूध, अंडी, बदाम, खोबरं, पंखा, मच्छरदाणी सगळं होतंच. आता दुसरा पंखा आला.

एकानंही त्याला विचारलं नाही की तुला काय कमी आहे. पाचला उठ असं कुणी म्हणालं नाही. आरशापुढं कुणी उभा केला नाही.

दौलतरावनं चिमाजीला बोलावून घेतलं. सुभेदाराच्या वशिंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "खचलाय रे. आतून खचलाय. बैलाला मन असतंय, चिमा."

चिमाजी म्हणाला, "असतंय ना."

त्याला जे म्हणायचं होतं ते त्या दोन शब्दांत मावलं नाही. पण दौलतरावचं लक्ष बैलाकडं होतं.

चैत्रात गावची यात्रा. तोवर सुभेदार उभा राहिला पाहिजे, नाहीतर दौलतरावनं हायवेला लावलेले फ्लेक्स वाया. मग चिमाजी शिफ्ट सुटली की रोज गोठ्यावर येऊ लागला. डबा बरोबर आणायचा. बैलापाशी पोत्यावर नुसता बसून राहायचा. बोलायचा नाही, ओढायचा नाही, आंबोणाचं घमेलं पुढं सरकवून दुसरीकडं बघायचा. उन्हं निळ्या छपरांवरून उतरून गवतावर यायची, गवतावरून भिंतीवर चढायची आणि विझायची. बैल आधी कान हलवायचा, मग कधीतरी अर्धा वळायचा. दोघांचंही बरं चाललं होतं. जेवण तिथंच होत असल्यानं जेवणानंतरची गोळीही चिमाजी तिथंच घ्यायचा. गोळ्यांचं पाकीट डब्याच्या पिशवीत, पिशवी खुंटीला.

मित्रांना मात्र धीर धरवेना. एका संध्याकाळी चिमाजी बैलाला पाण्यावर घेऊन गेला असताना तिघांची बैठक भरली.

"चिमाला उतार पडला हे तर डोळ्यांना दिसतंय," पिंटू म्हणाला.

"त्याचं नाटक हुतं," दौलतराव म्हणाला.

"आसंल. पण गोळीनं गेलं का न्हाई?"

सिद्धेशनं फोनवर शोधलं. "परदेशात कुत्र्यांना देतात म्हणे अशा गोळ्या. फटाक्यांना घाबरतात ना, तेव्हा."

"पर तूच म्हणतुयास त्या पिठाच्या हायेत," दौलतरावनं पिंटूला अडवलं.

पिंटूनं फार वेळ विचार केला नाही. "चिमाचं खोटं हाय, त्याला पिठानं भागतंय. सुभेदाराचं खरं हाय. त्याला समद्या द्याव्या लागत्याल."

ह्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. गव्हाणीवरच घाईनं पाकीट फोडून महिन्याच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या गूळ-भरडीच्या लाडवात घालून त्यांनी सुभेदाराला चारल्या. बैलाला गूळ आवडला. एवढ्या धिप्पाड जनावराला तेवढ्यानं काय होणार? काहीच झालं नाही.

जे व्हायचं ते चिमाजीला झालं. जेवणानंतर पिशवीत हात घातला तर पाकीट नाही. त्यानं पिशवी उलटी केली, गवत चाळलं, रस्ता पाहिला. पहिला विचार मनात आला तो हाच, की आपलंच डोकं ठिकाणावर नाही, कुठंतरी पाडलं असणार. तिघं समोरच होते. तेही शोधू लागले. पिंटूनं तर वाकून मोटारसायकलीखाली पाहिलं.

"हरवल्या ते बरंच झालं," दौलतराव म्हणाला. "देवानंच काढून घेतल्या आसं समज. आता बिनगोळीचा राहून दाखव."

"भावा, हा संकेत आहे," सिद्धेश म्हणाला.

मॅडमनी दिलेली तारीख अजून लांब होती. फोन करावा तर काय सांगायचं, गोळ्या सांडल्या? लहान पोरासारखं? शिवाय तीन मित्र इतक्या खात्रीनं सांगत होते, की चिमाजीच्या मनातही त्या पिठाची शंका शिरली. न घेताच जमलं तर? एकदा तरी त्यांच्यापुढं ताठ उभं राहता येईल. वर्षालीनं विचारलं, "गोळी घेतली?" तो म्हणाला, "घेतली."

दोन-तीन दिवस बरे गेले. मग मान वळवली की डोक्यात वायरचा शॉक बसल्यासारखा झटका यायला लागला. पायाखालची जमीन बोटीसारखी डोलायची. झोप गेली. प्रेसवर उभं राहणं धोक्याचं वाटून त्यानं सुट्टी टाकली आणि घरी सांगितलं नाही. डबा घेऊन निघायचा आणि सरळ गोठ्यात येऊन बसायचा. एका दुपारी बैलाच्या पाठीवर हात फिरवता फिरवता त्याला रडू फुटलं, आणि ते थांबेना.

पिंटूनं पाहिलं. "बघ, म्हणलं नव्हतं? व्यसन लागलं हुतं तुला गोळ्यांचं. आता उतरतंय."

म्हणजे आजार नव्हता, गोळ्या पिठाच्या होत्या, आणि पिठाचं व्यसन लागलं होतं. असं स्वच्छ बोलणारी माणसं आमच्याकडं आहेत.

चिमाजीला स्वतःची भीती वाटू लागली होती. दौलतरावच्या घरच्या त्या जाळी घातलेल्या विहिरीपाशी त्याची पावलं दोनदा रेंगाळली. दोन्ही वेळा तो मागं फिरला, आणि तेही जाळी होती म्हणून नव्हे. तिसऱ्यांदा फिरेन का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

यात्रा दोन दिवसांवर आली. शर्यतीआधी बैलाला जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, तो द्यायला डॉक्टर बुद्धरत्न आले. सुभेदार आता थोडंफार खात होता, बाहेर पडत होता. रोजच्या त्या नुसत्या बसण्यानं त्याच्यात जीव आला होता. डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती ऐकली, पाय दाबले. मग गव्हाण तपासताना तळाच्या भरडीतून त्यांनी चंदेरी कागदाचे तुकडे वेचून काढले. जोडून अक्षरं वाचली.

"ही माणसाची गोळी आहे. मनाच्या आजाराची. इथं कशी?"

औषध पोटात गेलेला बैल पळवता येत नाही, हे तिघांनाही पाठ होतं. चिमाजी कासरा धरून उभा होता. त्या तुकड्यांकडं पाहताना त्याला सगळं एकदम कळलं. कागद तर तो रोज हातात धरत होता.

दौलतराव सगळ्यांत आधी सावरला. "डॉक्टर, ते ह्याचं हाय. चिमाजीचं. इथंच बसून जेवतो, इथंच गोळ्या खातो, कागद टाकतो कुठंबी. काय करणार, आजारी माणूस हाय."

"आजारी?"

"मंग! लई मोठा आजार हाय त्याला. मनाचा. आमी डोळ्यांनी बघितलाय."

"रडतो हो तो," पिंटू कळवळून म्हणाला. "कारण नसताना रडतो. कारण नसतंच त्या आजाराला, डॉक्टर."

"मेंदूतल्या केमिकलचा बॅलन्स जातो ना, सर," सिद्धेशनं भर घातली. "त्यात पेशंटचा काही दोष नसतो. लोकांना समजत नाही. अवेअरनेस कमी आहे आपल्याकडं."

चिमाजी ऐकत राहिला. दिवाळीपासून हीच वाक्यं, ह्याच तीन तोंडांतून ऐकायला तो आसुसला होता. एकही चूक नव्हती. माहितीपत्रकातही इतकं सोपं करून लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर त्याच्याकडं वळले. "गोळ्या तुमच्या?"

"माझ्या."

"तुम्हीच खाल्ल्यात?"

दौलतराव त्याच्या जवळ सरकला आणि कानाशी कुजबुजला, "व्हय म्हण. तुझं काय जातंय? समद्यांपुढं मान्य केलंय आमी, आजार खरा हाय म्हणून. आणखी काय पायजे तुला? बैलाचा विचार कर."

मला विचाराल तर, ह्याहून स्वस्तात मित्र परत मिळाले नसते. एक होकार आणि सगळं जागेवर. यात्रा, गाडा, गुलाल, चौघांचा फोटो. गोळ्या हरवल्या नव्हत्या, चोरल्या होत्या. ते फक्त विसरायचं. आणि आठवडाभर जे अंगातून गेलं तेही गेलंच नाही असं धरायचं.

चिमाजीचं डोकं त्या क्षणीही झटके देत होतं. त्यानं कासरा दुसऱ्या हातात घेतला.

"आजार खरा हाय," तो म्हणाला. "पण गोळ्या मी खाल्ल्या न्हाईत. खाल्ल्या असत्या तर आज माझी ही गत नसती. आठवडा झाला, डॉक्टर. मला धड उभं राहवत न्हाई."

डॉक्टर बुद्धरत्नांनी चौघांकडं, मग बैलाकडं पाहिलं. दाखल्याचा कागद त्यांनी बॅगेत ठेवला. "बैल ह्या यात्रेला पळणार नाही. तसा त्याला धोका नाही, बघायला मी परत येईन." मग चिमाजीला म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर. पण तुमच्या डॉक्टरांना आत्ता, इथूनच फोन लावा. पाहिजे तर मी थांबतो."

चिमाजीनं तिथंच उभं राहून फोन लावला.

"बैलाचा घात केलास," दौलतराव दातओठ खात म्हणाला. "मित्र म्हणवतोस!"

"मनोरुग्णाशी काय बोलायचं?" पिंटू म्हणाला. आजाराला मिळालेली मान्यता अशी पाच मिनिटांत रद्द झाली. संध्याकाळपर्यंत सिद्धेशनं चिमाजीला गाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि लगेच क्षमेचं महत्त्व सांगणारा एक सुविचार टाकला.

घरी येऊन चिमाजीनं वर्षालीला सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचं, सुट्टीचं, विहिरीचंही. ती रागावली नाही. तिनं अंगणवाडीच्या मदतनीसबाईंना फोन केला, उद्या येत नाही म्हणाली, आणि सकाळी दोघं पिंपरीच्या बसमध्ये बसली. मॅडमनी विहिरीबद्दल संकोच न करता, घाई न करता सगळं विचारलं. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते लिहून दिलं. असा विचार आला तर कुणाला आणि कसं सांगायचं तेही दोघांना समजावलं. मग म्हणाल्या, "आणि मित्रांना पटवण्याचं काम बंद. ते तुमच्या उपचारात बसत नाही."

परतताना चिमाजी खिडकीशी बसला होता. वर्षालीनं विचारलं, "कसला विचार?"

"मित्र गेले."

"व्हय," ती म्हणाली. ती त्याची समजूत घालत बसली नाही.

यात्रेच्या दिवशी दौलतरावनं दुसरा बैल उसना आणून गाडा पळवला. कितव्यात आला ते त्यांनाच माहीत. दुपारी पिंटू चिमाजीच्या दारात उभा. टोपीवर गुलाल, पण चेहरा उतरलेला.

"सुभेदार येकटाच हाय गोठ्यात. घाटावर फटाके वाजायला लागलेत. दावं तोडायला बसलाय. आमचं कुणाचं ऐकंना." मग उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "येतोस का?"

वर्षाली चिमाजीकडं पाहत राहिली. चिमाजीनं चपला घातल्या. "बैलासाठी येतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी न्हाई."

"नगं येऊ आमच्यासाठी," पिंटू म्हणाला. त्याला एवढंच पुरेसं होतं.

गोठ्यात चिमाजी सुभेदाराला खेटून बसला. पलीकडं डोंगराच्या कुशीतून निवेदकाचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येत होता, आणि प्रत्येक फटाक्यानंतर बैलाची कातडी पाण्यावरच्या लाटेसारखी हलत होती. पिंटू परत जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. घाटावर गाडे पळत होते, आयुष्यात पहिल्यांदा तो ते बघत नव्हता. पोत्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. तंबाखू मळली, खाल्ली नाही, झटकून टाकली.

"ते झटके," शेवटी तो म्हणाला, "आजून येत्यात?"

चिमाजीनं त्याच्याकडं पाहिलं. चेष्टेची तयारी कुठं दिसत नव्हती. माफीही दिसत नव्हती. ती आमच्याकडं मागायची पद्धत नाही.

"बरं हाय," म्हणायला चिमाजीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"येत्यात," तो म्हणाला. "सकाळी जास्त. काल रात्री झोपलो न्हाई. आज बरं न्हाई मला, पिंट्या."

पिंटूनं वर पाहिलं, खाली पाहिलं. गार पाणी, पाच वाजता, दोन घोट, तुला काय कमी हाय, ओठांवर यायला ह्यातलं पुष्कळ काही होतं. त्यानं कष्टानं एकेक गिळलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो नुसता बसून राहिला.

बराच वेळ बसला.